खोक्यावरचे आकडे आणि हाताचं माप

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चालणं म्हणजे धक्के खाणं. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते बिलावर छापण्यापुरतं. ग्रँट रोड स्टेशनातून बाहेर पडून त्या दिशेला वळलं की दोन्ही बाजूंनी 'क्या चाहिए, लॅपटॉप, प्रिंटर, हार्ड डिस्क' सुरू होतं. गेमिंगचं सामान विकणारी दुकानं लांबूनच ओळखू येतात. आत ट्यूबलाइट लागलेली असते, तरी भिंतीवरचे कीबोर्ड लाल-हिरवे-जांभळे लुकलुकत असतात. अशाच एका काउंटरवर माझ्या शेजारी कॉलेजातला एक मुलगा वडिलांना घेऊन उभा होता. वडिलांनी विचारलं, "हा साडेतीन हजारांचा आणि तो चारशेचा, ह्यात फरक काय?" मुलगा म्हणाला, "बाबा, हा सव्वीस हजार डीपीआय आहे." वडील गप्प झाले. दुकानदाराने खोकं उलटं करून तोच आकडा त्यांना दाखवला आणि बिलबुक पुढे ओढलं.

वडिलांचा प्रश्न रास्त होता, उत्तर मात्र साफ चुकीचं मिळालं. माउस-कीबोर्डचा हा बाजार बरीच वर्षं पाहून माझं एक मत झालं आहे. किमतीतला मोठा वाटा हाताला कधीच न जाणवणाऱ्या गोष्टींवर खर्च होतो, आणि हाताला जे पहिल्या मिनिटात जाणवतं ते खोक्यावर छापलेलं नसतं.

आधी त्या सव्वीस हजारांचा निकाल लावू. आजच्या माउसच्या पोटात एक चिमुकला कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागावर प्रकाश टाकून सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि प्रत्येक फोटो आधीच्या फोटोशी ताडून माउस कुठे, किती सरकला ते काढतो. एक इंच सरकल्यावर तो कॉम्प्युटरला जितकी पावलं कळवतो, तो आकडा म्हणजे डीपीआय. 'काउंटर-स्ट्राइक' ह्या नेमबाजीच्या खेळात सेन्सिटिव्हिटी १ ठेवली तर अशा एका पावलाला खेळातली नजर ०.०२२ अंश फिरते. म्हणजे ८०० डीपीआयच्या माउसने स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घ्यायची तर हात साधारण ५२ सेंटिमीटर सरकवावा लागतो. ऐकायला हे फार वाटतं, पण नेमबाजीचे खेळ व्यावसायिक पातळीवर खेळणारी बरीच मंडळी ह्याच्याच आसपास असतात, कारण लांबवरच्या शत्रूचं डोकं पडद्यावर मोजक्या ठिपक्यांएवढं दिसतं आणि तिथे हात हळू सरकलेलाच बरा. आता बाकी काही न बदलता डीपीआय २६,००० करा. तीच गिरकी १.६ सेंटिमीटरमध्ये पुरी होईल. एक शिंक आली तरी शत्रूकडे पाठ.

म्हणून बहुतेक व्यावसायिक खेळाडू ४०० ते १६०० ह्या पट्ट्याबाहेर जात नाहीत. वरचे चोवीस हजार खोक्यासाठी. सेन्सर बनवणाऱ्या कंपन्याही मोजक्याच आहेत. तैवानच्या पिक्सआर्ट कंपनीचे सेन्सर इतक्या ब्रँडांच्या माउसमध्ये असतात की दोन स्पर्धक कंपन्यांची पोटं उघडली तर आत एकाच घराण्यातली चिप निघते. दीड हजाराच्या आसपासच्या बऱ्या माउसचा सेन्सरही आता हात चुकवत नाही. मला तरी सेन्सरवरून माउस निवडण्याचे दिवस संपल्यासारखे वाटतात.

एके काळी हा प्रश्न खरा होता. २००० नंतरच्या पाचसात वर्षांत ज्यांनी तासाला वीस-तीस रुपये मोजून सायबर कॅफेत 'काउंटर-स्ट्राइक' खेळलं, त्यांना रबरी गोळीचा माउस आठवत असेल. गोळीमुळे आतले दोन रूळ फिरायचे, त्यांच्यावर मळाचा काळा पट्टा साचायचा, आणि ऐन 'डस्ट टू'च्या लढाईत नेम अडकायचा. मग माउस उलटा करायचा, झाकण फिरवायचं, नखाने मळ खरवडायचा. कॅफेवाले झाकणाला चिकटपट्टी लावत, कारण गोळ्या चोरीला जात. मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये 'इंटेलिमाउस एक्स्प्लोरर' काढला आणि गोळीच्या जागी कॅमेरा आणला. आपल्याकडच्या कॅफेत तो बदल झिरपायला आणखी काही वर्षं गेली.

दुसरा आकडा पोलिंग रेटचा. माउस कॉम्प्युटरला आपली खबर सेकंदातून किती वेळा देतो, तो हा हिशेब. साधा ऑफिसातला माउस १२५ वेळा देतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. गेमिंगचा १,००० वेळा, दर मिलिसेकंदाला. हा फरक हाताला कळू शकतो. अलीकडे ८,००० चे माउस निघाले आहेत; ते ०.१२५ मिलिसेकंदाला खबर देतात. पण घरातला मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर त्याच्यावरचं चित्रच मुळी दर साडेसोळा मिलिसेकंदांनी बदलतं, आणि डोळ्याने पाहून बोट हलायला माणसाला दोनशेच्या आसपास मिलिसेकंद लागतात. अशा घरात ८,००० वाला माउस आणण्यापेक्षा ते पैसे १४४ हर्ट्झच्या मॉनिटरसाठी बाजूला टाकलेले बरे. बिनवायरीच्या माउसबद्दलची जुनी भीतीही आता धरायचं कारण नाही. फक्त ब्लूटूथवर खेळू नका. सोबत मिळणारी छोटी यूएसबी पिन वापरा आणि ती कॅबिनेटच्या मागे न खोचता माउसच्या जवळपास ठेवा.

आता जे खोक्यावर नसतं त्याकडे येते. माझी भाची पुण्यात शिकते आणि 'व्हॅलोरंट' खेळते. मागच्या वर्षी तिने मला दोन माउसचे फोटो पाठवून विचारलं, "मावशी, कुठला घेऊ?" दोन्ही नावाजलेले, दोन्ही साडेबारा सेंटिमीटरच्या घरातले. मी तिला आधी हात मोजायला सांगितला: मनगटावरच्या पहिल्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. साडेसोळा सेंटिमीटर भरला. ढोबळ हिशेब असा की माउसची लांबी हाताच्या साठ टक्क्यांच्या जवळपास असावी. थोडं वर-खाली चालतं, पण साडेसोळाच्या हाताला साडेबाराचा माउस म्हणजे फारच झालं. ती म्हणाली, "पण सगळे प्लेयर्स हाच वापरतात." ते खरं आहे, कारण त्यातल्या बहुतेकांचे हात एकोणीस-वीस सेंटिमीटरचे असतात.

मग आम्ही तिच्या कॉलेजजवळच्या गेमिंग कॅफेत गेलो. तिथे पाचसहा तऱ्हेचे माउस होते आणि तासाच्या पैशांत सगळे हाताळायला मिळाले. ती मोठ्या माउसवर खेळत असताना मी स्क्रीनकडे न बघता तिच्या करंगळीकडे बघत बसले. माउस उचलून परत मध्यावर आणताना करंगळी बाजूने निसटायची, मग अंगठ्याचा दाब वाढायचा, आणि त्या दाबाने माउस दर वेळी केसभर डावीकडे ढळायचा. तिला वाटत होतं आपला नेमच कच्चा आहे. छोट्या माउसवर तीच करंगळी मुकाट्याने जागेवर राहिली. चप्पल आपण पायात घालून, दुकानात चार पावलं चालून घेतो. माउस मात्र फोटो बघून मागवतो.

धरण्याच्या तऱ्हा मुख्यतः तीन. काहींचा अख्खा तळवा माउसच्या पाठीवर टेकलेला असतो. त्यांना मागे फुगीर, लांब माउस लागतो. काहींचा तळव्याचा मागचा भाग टेकतो आणि बोटं कमानीसारखी वर उचललेली असतात. ह्याला पोरं 'क्लॉ' म्हणतात, आणि ह्यांना फुगवटा जरा मागे सरकलेला, लांबी कमी असलेला माउस बरा पडतो. तिसरे नुसत्या बोटांच्या टोकांनी धरतात. त्यांना लहान आणि हलका हवा. तुम्ही कुठल्या गटातले हे ठरवत बसू नका. दहा मिनिटं खेळा आणि मध्येच थांबून हाताकडे बघा, उत्तर तिथेच असतं.

डावखुऱ्यांची मात्र कुचंबणा आहे. अंगठ्याची बटणं डाव्या बाजूला असलेले, उजव्या हाताचे माउस बाजारात शेकड्यांनी, आणि डाव्या हाताचे खास साचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दोन्ही बाजूंनी सारखे असलेले माउस मिळतात, पण त्यांतल्याही पुष्कळांची बाजूची बटणं उजव्या हाताच्या सोयीने लावलेली असतात. आपल्याकडचे बरेच डावखुरे लहानपणी कॅफेत बसून मुकाट्याने उजव्या हाताने खेळायला शिकले, कारण तिथला माउस उजवीकडेच बांधलेला असे.

वजनाची कथा गमतीची आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी महागडे माउस घेतले की सोबत धातूची छोटी वजनं मिळायची, माउसच्या पोटात भरून तो जड करायला. 'भारी' माउस तेव्हा शब्दशः भारी असे. मग वारं फिरलं. लॉजिटेकने २०१८ मध्ये ८० ग्रॅमचा बिनवायरीचा माउस काढला, दोन वर्षांत तो ६३ ग्रॅमच्या खाली आला. मधल्या काळात पाठीला जाळीसारखी भोकं पाडलेल्या माउसची लाट येऊन गेली. त्या भोकांतून आपल्याकडची धूळ आणि उन्हाळ्यातला घाम आत किती जातो, हे ते साचे काढणाऱ्यांनी मे महिन्यात नागपूरला येऊन पाहायला हवं होतं. हलका माउस खरंच सोयीचा असतो, दोन-तीन तासांनी मनगटाला फरक कळतो. पण ८० वरून ६० ला येणं जाणवतं तितकं ६० वरून ५० ला येणं जाणवत नाही, आणि त्या शेवटच्या दहा ग्रॅमना भाव सर्वांत जास्त.

ह्या सगळ्याआधी टेबल बघा. आपल्या घरांत अजून ते संगणक-टेबल असतं: खाली सरकता ट्रे, त्यावर कीबोर्ड, आणि उरलेल्या वीतभर जागेत माउस. पन्नास सेंटिमीटर सरकायचं आणि जागा वीतभर. तिथे दहा हजारांचा माउसही कडेला आपटतच राहणार. ट्रे आत ढकला, कीबोर्ड वर घ्या आणि साधारण ४५ बाय ४० सेंटिमीटरचं कापडी पॅड अंथरा. पाचशे-सातशे रुपयांत नेमबाजीत ह्याच्याइतका फरक पाडणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. कापड मळलं की साबणाच्या पाण्यात धुवायचं आणि सावलीत वाळवायचं.

छोट्या कीबोर्डची टूमही ह्याच जागेच्या टंचाईतून निघाली. पूर्ण कीबोर्डवर १०४ बटणं असतात. उजवीकडचा आकड्यांचा भाग कापला की ८७ उरतात, बाणांची बटणं आणि वरची रांगही उडवली की ६१. कापलेली प्रत्येक बोटभर रुंदी माउसला मिळते. पण घरात त्याच कॉम्प्युटरवर कुणी टॅलीचं काम करत असेल तर ६१ बटणांचा कीबोर्ड आणल्यावर भांडण ठरलेलं. ८७ वाला मधला मार्ग आहे.

डावा हात डब्ल्यू-ए-एस-डी ह्या चार बटणांवर ठेवायचा, हे आज खेळणाऱ्या प्रत्येकाला जन्मजात वाटतं. तसं ते नव्हतं. सुरुवातीच्या नेमबाजीच्या खेळांत बाणांची बटणं वापरत, आणि जो-तो आपली मांडणी ठरवी. 'थ्रेश' ह्या टोपणनावाने खेळणारा डेनिस फाँग १९९७ मध्ये अमेरिकेत अटलांटाला 'क्वेक'ची मोठी स्पर्धा जिंकला. बक्षीस होतं 'क्वेक'चा कर्ता जॉन कारमॅक ह्याची स्वतःची फेरारी. थ्रेश उजव्या हातात माउस आणि डावा हात ह्या चार बटणांवर ठेवून खेळायचा, आणि फेरारी जिंकणाऱ्याची मांडणी लोक उचलणारच. पुढच्या वर्षी आलेल्या 'हाफ-लाइफ'ने तीच मांडणी मुळातच देऊन टाकली. कुठल्याही कॅफेत आज कीबोर्ड बघा: ही चार बटणं आणि स्पेसबार घासून आरशासारखे चकचकीत, अक्षरं उडालेली, आणि वरची एफ-वाली रांग नुकती खोक्यातून काढल्यासारखी कोरी.

स्वस्त कीबोर्डचा खरा दोष आवाजात किंवा दिव्यांत नसतो. तो एका जुन्या आठवणीवरून सांगते. कॅपकॉमचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा १९९३ चा खेळ आपल्याकडे सगळे 'मुस्तफा' म्हणून ओळखतात. पुढे तो घरच्या कॉम्प्युटरवर आला आणि दोघं भावंडं एकाच कीबोर्डवर बसून खेळू लागली. त्यातल्या एकाची ठरलेली तक्रार असे: "तू बटण दाबून ठेवलंस की माझा ठोसा लागत नाही." दुसऱ्याला वाटे हा हरल्यावर रडतोय. पण तो खरं बोलत होता. साध्या कीबोर्डमध्ये बटणांना वेगवेगळ्या तारा नसतात, आडव्या-उभ्या ओळींची जाळी असते. एखाद्या चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले की चौथाही दाबल्याचा भास होतो, म्हणून आतली चिप तिसरं बटण मानायचंच नाकारते. प्रत्येक बटणाला एकेक डायोड जोडला की हा प्रश्न संपतो. गेमिंगच्या कीबोर्डचे पैसे मुख्यतः ह्यासाठी मोजायचे. दुकानात तपासणं सोपं आहे. नोटपॅड उघडा, दोन्ही बाजूंची शिफ्ट दाबून धरा आणि इंग्रजी बाराखडी टाइप करा. मधली अक्षरं गायब झाली तर कीबोर्ड जाळीवालाच आहे, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

'मेकॅनिकल फील' हे शब्द दिसले तर विशेष सावध व्हा. मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला, कीबोर्ड असेल तर तसंच लिहितात. 'फील' जोडला की आत रबराची घुमटी असते.

खऱ्या मेकॅनिकल कीबोर्डशी मराठी माणसाची ओळख गेमिंगच्या फार आधीची आहे, फक्त त्याला ते माहीत नाही. रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर, बँकेत, डीटीपीच्या दुकानात जो कडकड वाजणारा, जाडजूड, जन्मठेप भोगल्यासारखा टिकणारा कीबोर्ड दिसतो तो बहुधा टीव्हीएसचा 'गोल्ड'. त्याच्या प्रत्येक बटणाखाली चेरी कंपनीचा निळा स्विच असे. परदेशातली पोरं ज्या स्विचसाठी भरपूर डॉलर मोजत होती तो आपल्याकडे पत्रिका छापणाऱ्याच्या बोटांखाली होता. दहा-बारा वर्षांपूर्वी भारतातल्या खेळणाऱ्यांना हा शोध लागला आणि कित्येकांचा पहिला मेकॅनिकल कीबोर्ड हाच ठरला. मजकूर टाइप करायला त्याच्यासारखं सुख नाही. हा लेखही मी त्याच्यावरच लिहीत आहे. खेळायला मात्र निळा स्विच थोडा अडतो. 'टक्' वाजण्याची जागा आणि बटण सुटल्याची जागा वेगळी असते, त्यामुळे भराभर दोनदा दाबायचं तर बोट जास्त वर न्यावं लागतं. शिवाय वन बीएचकेत रात्री एक वाजता तो आवाज शेजारच्या खोलीत झोपलेल्या आईला चालत नाही.

खेळणारे लाल स्विच घेतात. तो सरळ खाली जातो, वाटेत अडथळा नाही, आवाज नाही. सुमारे ४५ ग्रॅमच्या दाबाने, दोन मिलिमीटर खाली गेल्यावर तो लागू होतो. तळ चार मिलिमीटरवर. तपकिरी ह्या दोघांच्या मधला, वाटेत हलकासा टेंगूळ लागतो. ज्यांना दिवसा ऑफिसचं काम आणि रात्री खेळ करायचा त्यांनी तो घ्यावा. चेरीच्या मूळ पेटंटची मुदत २०१४ च्या सुमारास संपली आणि चीनमधल्या गेटरॉन, कैल, औटेमू वगैरे कंपन्यांनी हेच स्विच स्वस्तात काढले. आज तीन हजारांत ज्याचे स्विच उपटून बदलता येतात असा कीबोर्ड मिळतो तो त्यामुळे. पंधरा हजारांच्या कीबोर्डमध्ये ह्याहून वेगळं बहुतांशी धातूची बॉडी, आवाजाचा पोत आणि नाव असतं. त्या नादात पडलेले लोक स्विच उघडून, ब्रशने त्यात वंगण लावत रविवार घालवतात. छंद म्हणून उत्तम; त्याने नेम सुधारत नाही.

नेमाला नाही, पण पावलांना खरोखर मदत करणारी गोष्ट गेल्या काही वर्षांत आली आहे: चुंबकी कीबोर्ड. एडविन हॉल ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये चुंबकामुळे विद्युतप्रवाह कसा बाजूला ढकलला जातो ते दाखवलं, त्यावर हे चालतात. बटणाच्या दांड्यात चुंबक, खाली सेन्सर; बटण कुठवर दाबलंय हे कीबोर्डला क्षणोक्षणी कळतं. साधं बटण म्हणजे चालू किंवा बंद. इथे बोट केसभर वर उचललं की बटण सुटलं असं धरता येतं, ठरावीक जागेपर्यंत वर येण्याची वाट बघावी लागत नाही. नेदरलँड्सच्या वूटिंग ह्या छोट्या कंपनीने ही सोय रूढ केली. 'काउंटर-स्ट्राइक' किंवा 'व्हॅलोरंट'मध्ये धावता धावता मारलेली गोळी भलतीकडे जाते, थांबून मारलेलीच लागते. त्यामुळे बटण किती चटकन सुटतं ह्यावर जीव अवलंबून असतो. सुरुवातीला हे कीबोर्ड वीस-पंचवीस हजारांना पडत; आता चारपाच हजारांपासून मिळतात. मनापासून नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्याने नवा कीबोर्ड घ्यायचाच असेल तर मी हाच सांगेन.

पण ह्याच वाटेवर एक भानगड झाली. डावीकडे धावताना झटकन थांबायचं तर डावं बटण सोडून उजवं दाबावं लागतं. ह्यात दोन बोटांची लय जमायला लोकांना वर्षं लागत. जुलै २०२४ मध्ये रेझर कंपनीने 'स्नॅप टॅप' नावाची सोय आणली. डावं बटण दाबलेलं असतानाच उजवं दाबलं की कीबोर्ड कॉम्प्युटरला फक्त उजवंच कळवतो, जणू डाव्यावरचं बोट उचललंच आहे. वूटिंगनेही आपली आवृत्ती दिली. ऑगस्टमध्ये 'काउंटर-स्ट्राइक'च्या वाल्व कंपनीने अशा सोयींना आपल्या सर्व्हरवर बंदी केली. वापरताना आढळलात तर सामन्याबाहेर. त्यावर बराच गदारोळ झाला. हार्डवेअर पुढे जातंय तर त्याला अडवता का, असं एका बाजूचं म्हणणं. मला वाल्वचं पटतं. चुंबकी बटण बोटाची हालचाल जास्त नेमकी सांगतं. स्नॅप टॅप बोटाने न केलेली हालचाल सांगतो. घेताना एवढं लक्षात ठेवा की ह्या सोयीसाठी जादा पैसे मोजत असाल तर तुमच्या खेळात ती चालते का ते आधी बघा. चालत नसेल तर ती बंद ठेवून खेळा, उगाच मित्रांसमोर बाहेर फेकले जाल.

कीपॅडबद्दल मला बरेच जण विचारतात आणि फार थोड्यांना ते लागतात. लॅमिंग्टन रोडवर कीपॅड मागितला तर दुकानदार लॅपटॉपला जोडायची आकड्यांची पट्टी काढून ठेवतो, हिशेबवाले नेतात ती. खेळासाठीचा कीपॅड वेगळा: डाव्या पंजाखाली बसणारा, वीसेक बटणांचा, अंगठ्यासाठी बाजूला छोटी काडी. बेल्किनने 'नॉस्ट्रोमो' नावाने हे कीपॅड रुळवले, पुढे ते रेझरकडे गेले, आणि आजचा 'टार्टारस' त्यांच्याच वंशातला. लॅटव्हियाची अझेरॉन कंपनी तर प्रत्येक बोटाला स्वतंत्र बुरूज असलेला, थ्रीडी प्रिंटरवर बनवलेला कीपॅड विकते. दिसायला एखाद्या किड्याच्या सांगाड्यासारखा.

ही कल्पना माउसइतकीच जुनी आहे. डग्लस एंगलबार्टने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जगाला पहिल्यांदा जाहीरपणे माउस चालवून दाखवला, तेव्हा त्याच्या उजव्या हाताखाली माउस होता, मध्ये कीबोर्ड, आणि डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचं एक यंत्र. हार्मोनियमचे सूर एकत्र दाबावेत तशा दोन-तीन पट्ट्या एकदम दाबून त्यातून अक्षरं उमटवता येत. पाच पट्ट्यांच्या एकतीस जोडण्या होतात, इंग्रजी मुळाक्षरांना पुरून उरतात. उजवा हात न उचलता डाव्याने लिहायचं, हा त्याचा बेत. लोकांनी माउस उचलला, पाच पट्ट्या तिथेच राहिल्या, कारण त्या शिकाव्या लागत होत्या. कीपॅडचं आजही तेच होतं. पहिला आठवडा माणूस पूर्वीपेक्षा वाईट खेळतो आणि पुष्कळ जण त्याच आठवड्यात तो विकायला काढतात.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'सारख्या खेळांत तीस-चाळीस मंत्र-शस्त्रं हाताशी लागतात, तिथे कीपॅडचा उपयोग आहे. त्याच गरजेवर रेझरने २००९ मध्ये अंगठ्यापाशी बारा बटणांचा 'नागा' माउस काढून दुसरा तोडगा दिला होता. 'व्हॅलोरंट' खेळणाऱ्याला दोन्हींची गरज नाही. पण ज्यांच्या मनगटात कळ येते, किंवा ज्यांची बोटं कीबोर्डवर पसरत नाहीत, त्यांच्यासाठी कीपॅड हा चैनीचा विषय राहत नाही. पंजा जिथे आरामात पडतो तिथे बटणं आणता येतात. असं सामान आपल्याकडच्या दुकानांत ठेवलेलं क्वचितच दिसतं. बाहेरून मागवावं लागतं, आणि जकात धरून किंमत दीडपटीच्या घरात जाते. दिव्यांचे कीबोर्ड भिंतभर लावणाऱ्यांनी एक तरी कीपॅड हात ठेवून बघायला काउंटरवर ठेवावा, एवढी माझी मागणी आहे.

शेवटी टिकाऊपणा. माउस मरतो तो बहुतेक वेळा डाव्या बटणाने: एकदा दाबलं की दोनदा लागतं. खोक्यावर 'दोन कोटी क्लिक' लिहिलेलं असतं, पण आतल्या स्विचची धातूची पाती झिजते, काळवंडते. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत जरा लवकरच. काही नव्या माउसमध्ये पातीऐवजी प्रकाशाचा किरण तोडून क्लिक ओळखतात. तिथे हा आजार होत नाही, समुद्रकाठी राहणाऱ्यांनी त्याचा विचार करावा. बाकीच्यांनी वॉरंटी संपल्यावर माउस फेकू नये. खालचे चिकटवलेले पाय सोडवले की स्क्रू दिसतात. वरचं कवच उचलताना आतली चपटी वायर हळूच काढायची, नाहीतर तीच तुटते. स्विच तीन पायांचा, नखाएवढा. कुठल्याही मोबाइल दुरुस्तीवाल्याला नवा स्विच हातात दिला तर तो दहा मिनिटांत डाग देऊन बसवतो; स्विच लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत विचारला तर मिळून जातो. वॉरंटी चालू असेल तर मात्र पेचकस लावू नका. खरेदीच्या वेळी बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, कारण बाहेरून आलेला माल स्वस्त पडतो पण त्याला इथे वाली नसतो. आणि सोडवलेले पाय पुन्हा चिकटवायच्या भानगडीत पडू नका, माउस डुगडुगतो. नव्या पायांचा संच दोन-तीनशेला येतो.